जूकचा कोड जनरेटर जावा प्रोग्राममधूनच कसा चालवावा?

जूक (jOOQ) ही जावामधून एसक्यूएल क्वेरी लिहिण्याची लायब्ररी आहे आणि तिचा कोड जनरेटर डेटाबेसमधील टेबलांवरून जावा क्लास तयार करतो. मेव्हन या बिल्ड साधनाचे प्लगइन किंवा एक्सएमएल फाइल न वापरता हा जनरेटर थेट जावा कोडमधून चालवता येतो का, असे आपण विचारले आहे. तो चालवता येतो, आणि त्यासाठी फारसे लिहावेही लागत नाही. प्रकल्पात जूक-कोडजेन ही लायब्ररी आणि आपल्या डेटाबेसचा जेडीबीसी ड्रायव्हर (जावाला डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी) जोडावा, कॉन्फिगरेशन ऑब्जेक्टमध्ये डेटाबेसचा पत्ता, वापरकर्ता, पासवर्ड, स्कीमा, पॅकेजचे नाव व फायली लिहिण्याची डिरेक्टरी भरावी आणि तो जनरेशनटूल या क्लासच्या जनरेट या स्टॅटिक मेथडला द्यावा. कॉन्फिगरेशनचे क्लास एक्सएमएलच्या रचनेवरूनच बेतलेले असल्यामुळे प्रत्येक टॅगसाठी ‘विथ’ने सुरू होणारी मेथड सापडते. जूकच्या ३.११ या आवृत्तीपूर्वीची उदाहरणे पाहत असाल, तर तेथील पॅकेजांची नावे जुनी आहेत, हे ध्यानात ठेवावे.

खरी अडचण क्रमाची आहे. तयार होणाऱ्या क्लासवर मुख्य कोड अवलंबून असतो. म्हणून जनरेटर त्याच मॉड्यूलमध्ये ठेवला, तर पहिल्याच बिल्डला काहीच कंपाइल होत नाही. तो स्वतंत्र मॉड्यूलमध्ये ठेवून, आधी मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतील बदल लागू करणे) आणि मग जनरेटर असा क्रम लावणे मला सर्वांत सोयीचे वाटते. लक्ष्य पॅकेजात हाताने लिहिलेली फाइल मात्र ठेवू नये, कारण मूळ सेटिंगनुसार जनरेटर तेथील जुन्या फायली पुसून टाकतो.