दहाचे बारा गिअर करावेत का?

प्रश्न थोडक्यात असा: दहा स्पीडची (मागे दहा दातेरी चक्रं असलेली) रोडबाइक, पुढे ५०/३४ (पेडलपाशी ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चेनरिंग), मागे ११-२८ कॅसेट (११ ते २८ दात्यांच्या चक्रांचा संच). सायकल ठणठणीत आहे, पण तीव्र चढावर पाय अडखळतात आणि नव्या सायकली बघाव्यात तर सगळ्या १२ स्पीडच्या. शिफ्टर (गिअर बदलायची कळ), डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग), कॅसेट, चेन असं सगळं बदलून १२ वर जाणं फायद्याचं आहे का?

नुसत्या चढासाठी विचारत असाल तर नाही. सपाटीवर, वाऱ्यात, ग्रुपमध्ये खूप चालवत असाल तर उत्तर बदलतं. मी ८, ९, १०, ११ आणि १२ अशा सगळ्या प्रकारांवर भरपूर किलोमीटर घातले आहेत. प्रत्येक वेळी जाणवलेला फरक सारखा नव्हता.

कॅसेटमध्ये वाढलेलं चक्र दोनपैकी एकच काम करतं. एक तर ते टोकाला बसून आणखी हलका किंवा आणखी जड गिअर देतं, नाहीतर मधली मोठी उडी भरून काढतं. शिमानो या कंपनीच्याच कॅसेट बघा. दहा स्पीडच्या ११-२८ मध्ये शेवटची चक्रं २१-२४-२८ दात्यांची होती. अकरा स्पीडमध्ये टोकं तीच राहिली, फक्त २४ जाऊन तिथे २३ आणि २५ आले. अकरा स्पीडची ११-३० आणि बारा स्पीडची ११-३० शेजारी ठेवली तर नवं काय आलं? १६ दात्यांचं एक चक्र. बारा स्पीडच्या ११-३४ मध्ये मात्र १६ नाहीच, तिथे तो जादा गिअर ३४ च्या रूपाने टोकाला गेला. म्हणजे दोन्ही कॅसेट १२ स्पीडच्या, पण मिळणारी गोष्ट अगदी वेगळी. म्हणून मी कोणालाही आधी दात्यांची यादी बघायला सांगतो.

आता तुमचा चढ. चाकाचा घेर साधारण २.१ मीटर धरू. चढावर पाय जड झाले की बहुतेकांचा कॅडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) ६० पर्यंत उतरतो. ३४/२८ ला (पुढे ३४, मागे २८ दाते) ६० कॅडन्स म्हणजे ताशी सुमारे ९.२ किमी. ३४/३२ ला तो वेग ८ वर येतो, ३४/३४ ला ७.६ वर. सायकलसह ८५ किलो वजन आणि ८ टक्के चढ धरला तर तेवढा वेग टिकवायला अनुक्रमे १८०, १६० आणि १५० वॉटच्या आसपास ताकद लागते. २८ वरून ३२ वर गेल्यावर सुटका होते ती मोठी आहे. ३२ वरून ३४ वर फरक पडतो, पण त्याच्या निम्मा. आणि ११-३२ ही कॅसेट दहा स्पीडमध्येही मिळते. तुमच्या डिरेलरचा पिंजरा (चेनचा ढिलेपणा सांभाळणारा खालचा भाग) ३२ दाते झेपणारा असेल तर कॅसेट आणि योग्य लांबीची चेन एवढ्यावर काम भागेल. नसेल तर लांब पिंजऱ्याचा डिरेलर घ्यावा लागेल. तो घेताना तुमच्या शिफ्टरशी त्याचं केबल खेचण्याचं माप जुळतं का हे आधी पक्कं करा. शिमानोच्या रोडबाइकच्या दहा स्पीडमध्येही दोन मापं आहेत, टियाग्रा ४७०० या संचाचं माप त्याआधीच्या दहा स्पीडशी जुळत नाही. एकाच आकड्यावर विसंबून भाग मागवलेले बरेच जण इथेच अडकतात.

मग १२ चा उपयोग कुठे? सपाटीवर, जिथे आपण तासन् तास एकाच वेगाच्या आसपास असतो. ५०/१५ ला ताशी ३५ चा वेग ठेवायला कॅडन्स ८३ लागतो, ५०/१७ ला ९४. मध्ये काहीच नाही. समोरून वारा आहे, ग्रुप ३५ ने चाललाय, तुमचे पाय ८९ मागताहेत आणि सायकल तुम्हाला ८३ किंवा ९४ मधून निवडायला लावते. एका गिअरमध्ये मांड्या भरून येतात, दुसऱ्यात श्वास चढतो. तिथे १६ दात्यांचं चक्र मिळालं की नेमका ८९ मिळतो. पहिल्यांदा असं चक्र असलेल्या कॅसेटवर लांबची ग्रुप राइड केली तेव्हा शेवटच्या तासात हा फरक मला पायांत कळला. दर दोन मिनिटांनी गिअर वर-खाली करण्याची माझी सवय त्या दिवशी आपोआप थांबली.

आणि खरी अडचण अशी की दहामध्ये दोन्ही एकदम मिळत नाहीत. दहा स्पीडची ११-३२ म्हणजे ११-१२-१४-१६-१८-२०-२२-२५-२८-३२. चढ सोपा झाला, पण १३, १५, १७ गेले. १२ वरून १४ ची उडी जवळजवळ १७ टक्क्यांची आहे आणि ती जोरात चालवताना बोचते. बारा स्पीडची ११-३४ पाहिली तर १५ पर्यंत एकेका दात्याने चढते आणि तरीही ३४ ला संपते. माझ्या मते जादा गिअरच्या बाजूने एवढा एकच भक्कम मुद्दा आहे, आणि तो खरा आहे.

‘२ गुणिले १२ म्हणजे २४ गिअर’ हे मात्र मनातून काढून टाका. ५०/१९ आणि ३४/१३ जवळपास तंतोतंत एकच गिअर आहे. ११-३४ कॅसेटवर ५० च्या चेनरिंगचा सर्वांत हलका गिअर ५०/३४. लहान चेनरिंगवर त्याहून हलके गिअर चारच: २४, २७, ३० आणि ३४ दात्यांवरचे. बाकीचे आठ मोठ्या चेनरिंगच्याच पट्ट्यात येतात. पुढे एकच चेनरिंग असेल तर हिशेब बदलतो. तिथे सगळा पल्ला मागच्या कॅसेटलाच द्यावा लागतो, त्यामुळे प्रत्येक चक्र मोलाचं ठरतं. कॅम्पाग्नोलो कंपनीने २०२० मध्ये एकार हा १३ स्पीडचा संच एका चेनरिंगसाठीच आणला, ते मला पटतं.

किंमत पैशांपलीकडेही मोजावी लागते. आठ स्पीडमध्ये एका चक्रापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर ४.८ मिमी होतं, दहामध्ये ३.९५ झालं, बारामध्ये साडेतीनच्या आसपास आहे. आठवर डिरेलर अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे असला तरी गिअर पडायचे. बारावर तेवढ्यात चेन करकरते, घसरते. माझी अकरा स्पीडची सायकल एकदा उभी असताना उजव्या बाजूला कलंडली. डोळ्यांना काही दिसलं नाही, पण हँगर (फ्रेमचा जो तुकडा डिरेलर धरून ठेवतो तो) जरासा वाकला होता आणि केबलचा ताण कितीही बदलला तरी मधले दोन गिअर बसेनात. शेवटी हँगर गेज लावून सरळ केला तेव्हाच सुटलं. मळलेली केबलही असाच त्रास देते. इलेक्ट्रॉनिक शिफ्टिंगमध्ये केबलची कटकट जाते, पण वाकलेला हँगर तिथेही वाकलेलाच राहतो.

चेन ताणल्याकडेही जास्त लक्ष ठेवावं लागतं. दहापर्यंत पाऊण टक्का ताणली की बदलायची, ११ आणि १२ ला अर्ध्या टक्क्यालाच. उशीर झाला तर महागडी कॅसेटही खराब होते.

तुमच्या जागी मी असतो तर आधी ११-३२ लावून महिनाभर चालवलं असतं. त्या महिन्यात १२ आणि १४ च्या मध्ये, किंवा १४ आणि १६ च्या मध्ये, किती वेळा अडकल्यासारखं वाटतं ते लिहून ठेवा. क्वचितच वाटलं तर आहे तीच ड्राइव्हट्रेन (चेन, चक्रं, डिरेलर ही सगळी यंत्रणा) झिजेपर्यंत वापरा. प्रत्येक राइडला वाटत असेल आणि शिफ्टर, क्रँक तसेही जुने झाले असतील, तर बारा घ्या आणि बिनदिक्कत घ्या. त्या वेळी मागच्या चाकाच्या हबवर कोणता फ्रीहब (कॅसेट ज्यावर बसते तो भाग) आहे हे बघून इथे कळवा. दहाचा आखूड फ्रीहब असेल तर चाकाचाही खर्च धरावा लागेल, आणि मग नवी सायकलच परवडते का ते मोजू.