ग्रामपंचायत सदस्य झाले आहे. दिरांचं दुकान आणि ठेकेदाराने दिलेली भेट, याचं काय करू?

ताई, तुमचे दोन प्रश्न आहेत. दिरांचं सिमेंट-खडीचं दुकान आहे, ग्रामपंचायत वर्षानुवर्षं तिथूनच माल उचलते. हे मासिक सभेत सांगून टाकलं की पुरे का? आणि ज्या ठेकेदाराचं गटाराचं काम चालू आहे त्याने दिवाळीला घरी मिक्सर पाठवला, तो ठेवावा का? मी २८ वर्षं ग्रामसेवक होतो (आता या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात). शेकडो सभांचं प्रोसिडिंग माझ्या हातचं आहे, त्या अनुभवावरून सांगतो.

मिक्सर आधी परत करा. त्याचं कसं करायचं ते खाली लिहितो, कारण दुकानाचा प्रश्न जास्त अवघड आहे.

बहुतेक सदस्यांना वाटतं की सभेत सांगितलं, ठरावाच्या वेळी बाहेर जाऊन बसलो, म्हणजे आपण मोकळे. आपल्याकडे तसं नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १४ नुसार पंचायतीच्या कामात किंवा कंत्राटात सदस्याचा स्वतःचा किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हिस्सा अथवा हितसंबंध असेल तर तो सदस्य राहायलाच अपात्र ठरतो. नुसतं सांगितल्याने हितसंबंध संपत नाही. कलम १६ खाली त्याचा निर्णय जिल्हाधिकारी करतात, आणि अर्ज कोणीही करू शकतो. निवडणुकीत पडलेला उमेदवार तर कागद जमवूनच बसलेला असतो. (एखाद्या सिमेंट कंपनीचे शेअर तुमच्याकडे असतील तर त्याची काळजी करू नका, त्याला कायद्यातच सूट आहे.)

आता 'अप्रत्यक्ष' म्हणजे काय, खरी मारामारी तिथे असते. नुसतं नातं पुरत नाही. १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडच्या नगरपालिका कायद्याखालच्या एका प्रकरणात हेच म्हटलं: मुलगा नगरपालिकेत नोकरीला आहे, एवढ्यावरून बापाचा त्या नोकरीत हितसंबंध आहे असं धरता येणार नाही. पण २०१२ चा गोव्याचा निकालही वाचा. तिथे पंचायत सदस्य बाईंच्या पतीला पंचायतीचं काम मिळालं होतं. गोव्यात लग्नानंतर पती-पत्नीची मिळकत सामाईक धरणारा पोर्तुगीज काळापासूनचा कायदा चालतो. म्हणजे पतीच्या कंत्राटात त्यांचाही वाटा आला, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अपात्र ठरवलं. तो कायदा आपल्याकडे लागू नाही, पण दोन्ही निकाल एकत्र ठेवले की कळतं की शेवटी प्रश्न पैशाचा आहे: बिलाची रक्कम तुमच्यापर्यंत पोचते का?

म्हणून दिरांचं नाव बाजूला ठेवा आणि कागद बघा. दुकानाचं जीएसटी कोणाच्या नावावर आहे? भागीदारीपत्रात तुमचं किंवा तुमच्या यजमानांचं नाव आहे का? दुकानाच्या कर्जाला तुम्ही जामीन आहात का? घर एक, चूल एक, आणि गल्ल्यातले पैसे घरखर्चाला येतात का? यातलं एकही 'हो' असेल तर या पाच वर्षांत त्या दुकानातून ग्रामपंचायतीला एक गोणीही जाऊ देऊ नका. दिरांना वाईट वाटेल. माझ्या एका गावात सदस्याचा ट्रॅक्टर मुरूम टाकायला लावला होता आणि बिल पुतण्याच्या नावाने काढलं. पैसे ज्या खात्यात गेले ते खातं काका-पुतण्याचं सामाईक निघालं. माणूस वाईट नव्हता, मुरूम चोख टाकला होता, तरी सदस्यपद गेलं. ते बिल मीच लिहिलं होतं आणि खातं कोणाचं हे विचारलं नव्हतं, ही खंत मला आजही आहे.

सगळ्यांची उत्तरं 'नाही' असतील तरी गप्प बसू नका. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना लेखी पत्र द्या: अमुक दुकान माझ्या दिरांचं आहे, आम्ही विभक्त आहोत, माझा त्यात हिस्सा नाही. पत्राला आवक क्रमांक घ्या आणि पुढच्या मासिक सभेच्या इतिवृत्तात ते वाचल्याची नोंद करायला लावा. खरेदीच्या ठरावाला सूचक किंवा अनुमोदक म्हणून तुमचं नाव कधीही नको, आणि चर्चेच्या वेळी बाहेर थांबलात तर तेही लिहून घ्या. कोणाला किती पैसे गेले हे ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कोणालाही दिसतं, आणि माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर बिलाची प्रत मागता येते. उद्या गावात कुजबुज झाली तर तुमचं पत्र तारखेने आधीचं असलं पाहिजे.

आता मिक्सर. ग्रामपंचायत सदस्य कायद्याने लोकसेवक आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ७ खाली कामाच्या बदल्यात गैरवाजवी फायदा घेतल्यास तीन ते सात वर्षं शिक्षा आहे. दिवाळीची भेट लाच नव्हे असं ठेकेदार म्हणेल. पण त्याचं बिल तुमच्या सभेपुढे यायचं आहे, ही एकच गोष्ट पुरेशी आहे.

आपल्या ग्रामपंचायतीच्या नमुना १ ते ३३ या नोंदींत भेटवस्तूंची नोंदवही नाही. पण गावाला ही रीत नवी नाही. प्रत्येक लग्नात आहेराची वही असते, कोणी किती दिलं हे चारचौघांत लिहिलं जातं. माझ्या मुलीच्या लग्नात त्या वहीत १०१, २५१ असे आकडे होते आणि मध्येच एक ११,००१. त्या माणसाचं बिल माझ्याकडे पडून होतं. भावकीचा, शेजाऱ्यांचा आहेर ठेवला, तो आम्हीही फेडतो. ती रक्कम मात्र तिसऱ्या दिवशी धनादेशाने परत केली, सोबत पत्र दिलं आणि पत्राची प्रत गटविकास अधिकाऱ्यांना पाठवली. तो माणूस काही महिने बोलला नाही. बिल नियमाप्रमाणे निघालं.

तुम्हीही तसंच करा. दोन ओळींचं पत्र, मिक्सरचा फोटो, परत दिल्याची तारीख आणि ठेकेदाराची सही. सही द्यायला तो नाही म्हणाला तर पोस्टाच्या पार्सलने पाठवा आणि पोस्टाची पावती पत्राला टाचून ठेवा. घरच्यांनाही सांगून ठेवा, कारण अशी खोकी बहुतेक वेळा तुम्ही घरी नसतानाच येतात.