गियर ऑइल बदलल्याचं बिल आणि तडकलेली गियरकेस

प्रश्न: हिवाळ्यापूर्वी बोटीची आउटबोर्ड मोटर (बोटीच्या मागे बाहेरून बसवतात ते इंजिन) वर्कशॉपमध्ये दिली. बिलावर ‘हिवाळी सर्व्हिस, गियर ऑइल बदलणे, साठवण’ असं आहे. थंडीनंतर पाहतो तर गियरकेसला, म्हणजे प्रोपेलरजवळच्या गियरच्या बंद पेटीला, लांब भेग. वर्कशॉपवाले म्हणतात, सील (पाणी आत येऊ न देणारी कडी) आधीच खराब होतं, आत शिरलेलं पाणी गोठलं, आमची चूक नाही. अर्धा खर्च देतो, पण ‘तक्रार नाही’ असं लिहून द्या. बिलाची बाकी दिल्याशिवाय मोटर सोडत नाहीत. खरं सांगायचं तर मोसमात प्रोपेलरला मासेमारीची दोरी गुंडाळली गेली होती. ते लपवू का?

उत्तर: ‘तक्रार नाही’ असं लिहून देऊ नका, आणि दोरीचं लपवूही नका. तुमच्या हातातलं बिल त्या दोरीपेक्षा जड आहे.

वर्कशॉपचं निदान कदाचित बरोबरही असेल. शाफ्टवर, म्हणजे प्रोपेलरच्या दांड्यावर, दोरी आवळली की सील कापलं जातं आणि गियरकेसमध्ये पाणी शिरतं. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं. त्याला जागा मिळाली नाही की ॲल्युमिनियम तडकतं. यावर वाद घालू नका. पण हिवाळ्यापूर्वी गियर ऑइल बदलतात ते बऱ्याच अंशी याचसाठी. पाणी शिरलं असेल तर खालचा स्क्रू काढताच आधी पाणी गळतं, नाहीतर दुधाळ तेल येतं. तेल बदललं असेल, तर पाणी दिसूनही त्यांनी तुम्हाला कळवलं नाही. बदललं नसेल, तर न केलेल्या कामाचे पैसे लावले. आणि ‘तेल स्वच्छ होतं’ म्हणाले, तर पाणी मोटर त्यांच्या ताब्यात असताना शिरलं. कुठूनही गेलात तरी वाट त्यांच्याच दाराशी येते.

दुसऱ्याच्या ताब्यात विश्वासाने वस्तू देण्याला भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये निक्षेप म्हणतात (कलम १४८). कलम १५१ नुसार, शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी त्यांनी घ्यायला हवी होती. ती घेतली हे दाखवण्याचा भार वर्कशॉपवर येतो, कारण मोटर त्यांच्याकडे होती. ‘थंडी फार पडली’ हा बचाव तर मला हसूच आणतो; पैसे थंडीपासून जपण्याचेच होते! पावतीच्या मागे ‘मालकाच्या जोखमीवर’ असं छापलंय का, तेवढं पाहा. कलम १५२ म्हणतं, वेगळा करार नसेल तर एवढी काळजी घेणारा नुकसानीला जबाबदार नाही; ‘हाच तो वेगळा करार’ म्हणून ते त्या ओळीवर बोट ठेवतील. पण साठवणीची जोखीम वेगळी आणि तेल बदलण्याचं काम वेगळं.

मोटर अडवण्याचा हक्क कलम १७० खाली आहे, पण तो श्रम किंवा कौशल्याच्या कामाच्या मोबदल्यापुरता. नुसत्या जागाभाड्यासाठी तो सहसा चालत नाही. तरी भांडत बसण्यापेक्षा ‘हरकत राखून’ असं लिहून पैसे भरा, पोच घ्या आणि मोटर सोडवा.

मोटर सुरू करू नका. त्रयस्थ मेकॅनिकला दाखवा, भेगेचे जवळून फोटो घ्या, आतलं तेल बाटलीत भरून सील करा आणि त्याचा लेखी अहवाल घ्या. फुटलेली केस भंगारात जाता कामा नये. एपॉक्सीचा लेप किंवा वेल्डिंग आधी करू देऊ नका: पुरावा जातो, शिवाय वेल्डिंगच्या उष्णतेने बेअरिंगची बैठक वाकडी होऊ शकते. मात्र तपासणी झाल्यावर थांबूही नका. आतल्या पाण्याने गियर गंजले, तर ‘वाढीव नुकसान तुमच्यामुळे’ असं ते म्हणतील, आणि करार कायद्याचं कलम ७३ त्यांना साथ देईल.

नवी केस, बेअरिंग आणि मजुरी मागा. सीलचा खर्च सोडून द्या, तो दोरीचा. बोट स्वतःसाठी किंवा स्वतः राबून पोट भरण्यासाठी असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू होतो. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांत, तुम्ही राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, वकिलाशिवायही. सेवेसाठी दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही.

त्याआधी स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. तिच्यात दोरीचा उल्लेख करा आणि पुढचा प्रश्न विचारा: गियर ऑइल कोणत्या तारखेला बदललं आणि निघालेलं तेल कसं होतं? उत्तर लेखीच मागा.