नियम आणि विनियम एकच का?

प्रश्न असा आलाय की सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या, कागदांत कुठे 'नियम' येतं कुठे 'विनियम', तर दोन्ही एकच का, आणि 'वि' लागल्याने अर्थात काय फरक पडतो.

'वि' उपसर्ग उकलत बसलात तर हाती काही लागणार नाही. कायद्याच्या मराठीत हा फरक ठरतो तो करणारा कोण त्यावरून. संसद करते तो अधिनियम, त्या अधिनियमाने दिलेल्या अधिकारात सरकार करतं ते नियम, आणि त्याच अधिनियमाखाली उभी राहिलेली संस्था स्वतः करते ते विनियम. सेबीचा 1992 चा अधिनियम उघडून बघा, कलम 29 मध्ये नियमांचा अधिकार केंद्र सरकारला दिलाय आणि कलम 30 मध्ये विनियमांचा सेबीला. ट्राय म्हणजे दूरसंचार क्षेत्राची तशीच संस्था, तिच्या 1997 च्या अधिनियमात कलम 35 आणि 36, तशीच वाटणी. सगळ्याच कायद्यांत इतकं काटेकोर नसतं, पण बहुतेक हेच.

आता खरं बघायचं ते त्या कलमातले बाकीचे शब्द. सेबीच्या कलम 30 मध्ये आधी केंद्र सरकारची पूर्वमान्यता लागायची, 1995 च्या दुरुस्तीत ते शब्द काढले आणि विनियम करायला सेबी मोकळी झाली. तरी कलम 16 आहेच, धोरणाच्या प्रश्नावर सरकारने दिलेले निदेश सेबीला बांधतात.

आणि संसद? तिच्यासाठी कलम 31, 'सभागृहापुढे ठेवणे'. हे वाचून पुष्कळांना वाटतं की मंजुरी घेतात, तसं अजिबात नाहीये, विनियम राजपत्रात येऊन लागूही झालेला असतो, मग तो 30 दिवस सभागृहांपुढे राहतो आणि दोन्ही सभागृहांचं एकमत झालं तरच बदलतो किंवा रद्द होतो, तोवर त्याखाली झालेलं सगळं वैधच. लोकसभेची यासाठी 1953 पासून समिती आहे, पण मला हा लगाम फार सैल वाटतो. 2016 मध्ये सुप्रीम कोर्टाने ट्रायचा कॉल ड्रॉपच्या भरपाईचा विनियम रद्द केला, तेव्हा लोकांच्या हरकती घेऊन मगच असे विनियम करायची पद्धत संसदेने कायद्याने घालून द्यावी असंही सुचवलं, अमेरिकेत तसा कायदा 1946 पासून आहे. आपल्याकडेही तो व्हायलाच हवा.

बोलताना 'सेबीचे नियम' म्हणा, काही बिघडत नाही. पण अनुवादात किंवा माहिती अधिकाराच्या अर्जात विनियमाला नियम लिहू नका, तो कोणी केला हेच वाचणाऱ्याला चुकीचं कळतं.