इंग्रजी बोलताना त्याच त्या चुका होतात, अचूकपणा कसा वाढवावा?

तुम्ही विचारलंय की इंग्रजीत बोलणं अडत नाही, पण चुका होतात, आणि त्या बोलून झाल्यावर लगेच लक्षात येतात. या 'लगेच लक्षात येतात'मध्येच बरंचसं उत्तर आहे. नियम तुम्हाला माहीत आहेत, बोलण्याच्या वेगात ते वेळेवर आठवत नाहीत. म्हणून व्याकरणाचं पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचून फारसा फरक पडणार नाही. 'नुसतं बोलत राहा, आपोआप सुधारेल' हा सल्लाही तुमच्या उपयोगाचा नाही. बोलत राहिल्याने सफाई येते, पण चुकाही तितक्याच सफाईने होऊ लागतात. समोरच्याला कळतंय, काम होतंय, मग चूक तशीच पक्की होऊन बसते. लॅरी सेलिंकर या भाषाशास्त्रज्ञाने १९७२ मध्येच हे मांडलं होतं.

आधी स्वतःच्या चुका कागदावर आणा. फोनवर दोन मिनिटं रेकॉर्डिंग करा. विषय साधा घ्या, काल ऑफिसात काय झालं एवढाच. मग ते ऐकून शब्दन् शब्द हाताने लिहून काढा, अडखळणं आणि 'अं अं'सकट. लिहिताना काहीही सुधारू नका. बोललेलं आपोआप टाइप करून देणारं ॲप इथे वापरू नका. ते बऱ्याचदा शेवटचा 'एस' किंवा गाळलेला 'द' स्वतःच घालतं आणि नेमकी तुमची चूक झाकली जाते. दुसऱ्या दिवशी लाल पेनाने चुका खुणावा. असे तीन-चार कागद झाले की दिसेल की चुका पन्नास असल्या तरी प्रकार चार-पाचच आहेत. त्यातला एकच प्रकार निवडा आणि दोन-तीन आठवडे फक्त त्याच्याच मागे लागा. सगळ्या चुकांवर एकदम लक्ष ठेवायला गेलं की बोलणंच खुंटतं.

मराठी माणसाच्या बऱ्याच चुका मराठी वाक्याच्या साच्यातून येतात. हे वाक्य बघा: 'मी इथे तीन वर्षांपासून काम करतोय.' यावरून सहज तोंडात येतं, 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स.' इथे दोन चुका आहेत. 'करतोय'चं थेट 'ॲम वर्किंग' झालं आणि 'पासून'चं 'सिन्स'. मराठीत 'सोमवारपासून' आणि 'तीन वर्षांपासून' दोन्हीकडे 'पासून' चालतं. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगायचा असेल तर 'सिन्स', मधला कालावधी सांगायचा असेल तर 'फॉर'. आणि गोष्ट अजून चालू असेल तर 'हॅव' हवंच, इथे 'हॅव बीन': 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर थ्री इयर्स.'

याचा सराव गाळलेल्या जागा भरून होत नाही. स्वतःच्या आयुष्यातली खरी दहा वाक्यं तयार करा: घर, नोकरी, गाडी, गुडघेदुखी, काहीही. ती मोठ्याने म्हणा. मग प्रत्येक वाक्य 'सिन्स'चं 'फॉर' करून म्हणा, मग 'आय'च्या जागी 'शी' घेऊन. शेवटी कागद पालथा घालून त्याच विषयावर पुन्हा दोन मिनिटं बोला, रेकॉर्ड करा आणि पहिल्या रेकॉर्डिंगशी ताडून बघा. वीस-पंचवीस मिनिटांचं काम आहे, आठवड्यातून चार दिवस पुरे.

'ला' प्रत्ययही असाच नडतो. 'त्याला सांगितलं'चं 'टोल्ड टू हिम' होतं, 'मॅनेजरला विचारलं'चं 'आस्क्ड टू मॅनेजर'. 'टेल' आणि 'आस्क'ला 'टू' नको. उलट 'एक्स्प्लेन'ला तो लागतोच: 'एक्स्प्लेन इट टू मी'. 'डिस्कस'पुढे 'अबाउट' येत नाही. म्हणून क्रियापद कधीही सुटं पाठ करू नका, पुढच्या दोन-तीन शब्दांसकट तोंडी बसवा.

'अ' आणि 'द' मराठीत नाहीतच, त्यामुळे ते गळतात. सगळे नियम घोकण्यापेक्षा एकच तपासणी करा. लिहून काढलेल्या कागदावर प्रत्येक नामाला गोल करा. मोजता येणारं एकवचनी नाम इंग्रजीत सहसा एकटं उभं राहत नाही. त्याच्या आधी 'अ', 'द', 'माय', 'धिस' असं काहीतरी हवं. 'आय बॉट कार' इथेच पकडलं जातं. त्याच फेरीत 'ॲडव्हाइसेस', 'फर्निचर्स', 'इन्फर्मेशन्स' दिसले तर शेवटचा 'एस' काढा.

काही चुका व्याकरणाच्या वाटतात, पण असतात उच्चाराच्या. भूतकाळातला शेवटचा 'एड' जिभेवर नीट आला नाही की ऐकणाऱ्याला वर्तमानकाळ वाटतो. तो 'इड' असा वेगळा फक्त 'ट' किंवा 'ड'नंतर ऐकू येतो: 'वॉन्टिड', 'नीडिड'. 'वॉक', 'आस्क', 'वॉश'नंतर नुसता 'ट' होतो: 'वॉक्ट', 'आस्क्ट', 'वॉश्ट'. 'आस्केड' असा उच्चार नाही.

प्रत्यक्ष बोलताना वेग थोडा कमी करा आणि वाक्यं छोटी ठेवा. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे ते न ठरवताच बोलायला सुरुवात करायची सवय असते. इंग्रजीत कर्त्यापाठोपाठ क्रियापद लागतं आणि तिथेच गाडी अडते. कोण आणि काय केलं, एवढं ठरवून मगच तोंड उघडा. बोलता बोलता चूक लक्षात आली तर तारीख, आकडा किंवा काळ चुकून अर्थ बदलत असेल तरच मागे जा, नाहीतर पुढे चला. सहकाऱ्याला सुधारायला सांगणार असाल तर एकच प्रकार सांगा, आणि तोही मीटिंग संपल्यावर. चॅटबॉटला कागद दाखवलात तर 'सुधारून लिहून दे' म्हणू नका, 'या प्रकारच्या चुका फक्त दाखव' म्हणा. सुधारणा तुमच्या हातून व्हायला हवी.

मराठी वळणाच्या उच्चाराची लाज बाळगू नका, तो चुकांच्या यादीत येतच नाही. परदेशी क्लायंटशी बोलताना मात्र 'आय हॅव अ डाउट' टाळा. आपल्याकडे त्याचा अर्थ शंका विचारायची आहे असा होतो, त्यांना तुमचा विश्वास नाही असं वाटू शकतं. 'आय हॅव अ क्वेश्चन' म्हणा.

तिसऱ्या पुरुषाचा 'एस', म्हणजे 'ही गोज', यादीत वर असला तरी पहिला घेऊ नका. नियम अगदी सोपा, पण बोलण्यात रुळायला फार वेळ घेतो आणि उगाच हिरमोड होतो. 'सिन्स-फॉर' किंवा 'टोल्ड टू' आधी घ्या, फरक लवकर दिसतो. सुधारलेली चूक फोनवर किंवा घाईत परत डोकावेल. तसं झालं तर तोच विषय घेऊन एक आठवडा पुन्हा रेकॉर्डिंग करा आणि मगच पुढच्या प्रकाराकडे वळा.