वाचकांचे प्रश्न : एफ-४० घ्यावी तर कोणती?

प्रश्न : भाऊ नमस्कार. मी दारव्ह्याजवळच्या एका खेड्यातून लिहून राहिलो. माझा चुलतभाऊ अमेरिकेत असते, त्यानं कंपनी विकली आणि आता त्याला जुनी फेरारी एफ-४० घ्यायची आहे. दोन गाड्या पाहून ठेवल्या. एक ४,००० किलोमीटर चाललेली, नवा चकचकीत लाल रंग, पण १९९६ ते २००९ मधले कागदच नाहीत. दुसरी ३८,००० किलोमीटर चाललेली, तीन मालक, सगळी बिलं आहेत आणि ३ लाख डॉलरनं स्वस्त. तो म्हणते पहिलीच घेतो, कमी चालली म्हणजे पुढं किंमत जास्त येईन. घरच्यांचाही थोडा पैसा यात लागून राहिला म्हणून मले टेन्शन आहे. कोणती घ्यावी? आणि पुढंमागं गावाकडं आणता येईन काय?
– एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : भाऊ, दुसरी. तीही खाली सांगतो तेवढ्या तपासण्या झाल्यावरच.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा म्हणावं, की ही गेली तर परत मिळणार नाही. एफ-४० फेरारीला ४० वर्षं झाली म्हणून १९८७ ला आली, आधी ४०० च बनवायचं ठरलं होतं पण मागणी एवढी आली की १९९२ पर्यंत तेराशेच्या वर बनल्या. कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारींनी स्वतः पास केलेली ही शेवटची गाडी, १९८८ ला ते गेले, म्हणून तिला मान आहेच. पण तेराशे म्हणजे दरवर्षी कुठं ना कुठं विकायला येतेच, निवडायला वाव आहे, त्यामुळं डीलरनं कितीही घाई केली तरी घाई करायची नाही.

आता कमी किलोमीटरचं. कमी चाललेल्या गाडीला जास्त पैसे मिळतात हे अगदी खरं आहे. २०२१ ला अमेरिकेतल्या पेबल बीचच्या लिलावात एक मॅक्लारेन एफ-१ ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार दोन कोटी डॉलरच्या वर गेली, ती ४०० किलोमीटरही चाललेली नव्हती, आणि मॅक्लारेन एफ-१ सगळ्या मिळून १०६ च बनल्या. पण तिथं ती तेवढीच चालली हे दाखवता येत होतं. तुमच्या भावाच्या पहिल्या गाडीत १३ वर्षांचा पत्ताच नाही. आपण शेत घेताना नुसतं उभं पीक पाहून पैसे देतो काय? सातबारा पाहतो, जुने फेरफार काढतो, मधली नोंद गायब दिसली की तलाठ्याकडं चकरा मारतो. इथंही त्या १३ वर्षांत गाडी ठोकली होती काय, इंजिन बदललं काय, मीटर बंद करून चालवली काय, काहीच सांगता येत नाही, आणि जे सांगता येत नाही त्याचे पैसे द्यायचे नाहीत. शिवाय उद्या विकायला काढली तर समोरचा हाच प्रश्न तुमच्या भावाला विचारणार.

दुसरं म्हणजे तो नवा रंग. मला तर तीच गोष्ट जास्त खटकते. एफ-४० ची बॉडी साध्या पत्र्याची नाही, कार्बन फायबर आणि केवलार या मजबूत धाग्यांच्या कापडाची आहे, आणि वजन वाचवायला कंपनीनं रंगाचा थर एवढा पातळ ठेवला की उजेडात तिरपं पाहिलं तर लाल रंगाखाली कापडाची वीण दिसते, सुरुवातीच्या गाड्यांत तर अगदी स्पष्ट. ती वीण दिसणं हाच अस्सलपणाचा पुरावा आहे. कोणी छान गुळगुळीत जाड रंग मारला की वीण झाकली जाते, म्हणजे पैसे खर्च करून किंमत कमी केली, आणि खाली काय दुरुस्ती झाली तेही झाकलं गेलं. आतूनही तसंच. या गाडीला कंपनीतून गालिचा नव्हता, आतून दार उघडायला हँडल नाही, एक केबल ओढावी लागते, सांध्यांमधे डिंकासारखा गोंद उघडा दिसतो. आतलं कोणी फिनिशिंग करून सुंदर केलं असेल तर तीही वजाबाकीच.

दुसऱ्या गाडीत काय पाहायचं ते सांगतो. सगळ्यात आधी पेट्रोलच्या टाक्या. युरोपच्या एफ-४० मधे रबरी पिशवीसारख्या टाक्या असतात, त्या गाडी चालो न चालो, वयानं खराब होतात, साधारण दहा वर्षांत बदलाव्या लागतात आणि ते काम चांगलंच महाग आहे. अमेरिकेसाठी बनलेल्या गाड्यांत मात्र अ‍ॅल्युमिनियमच्या टाक्या होत्या, म्हणून गाडी मूळ कुठली हे पहिले विचारा. मग टायमिंग बेल्ट (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारा पट्टा), तारखेसकट बिल पाहिजे, नुसतं "बदलला आहे" चालत नाही. टायरवर चार आकडे असतात, २३१८ असलं तर २०१८ सालचा २३ वा आठवडा, टायरची नक्षी नवी दिसली तरी तारीख जुनी असू शकते. ४,००० किलोमीटरवाल्या गाडीवर हे नक्की पाहायला सांगा, उभ्या गाडीचं रबर, सील, होज असंच कडक होत जाते.

इंजिन २.९ लिटरचं, व्ही-८, दोन टर्बो. विकणाऱ्यानं सुचवलेला मेकॅनिक घ्यायचा नाही, स्वतःच्या पैशानं वेगळा एफ-४० चा जाणकार लावायचा, सिलिंडरची लीक-डाऊन टेस्ट (आतली हवा कुठून गळते काय ते पाहणं) करायची, चेसिस नंबर, इंजिन नंबर, गिअरबॉक्स नंबर फॅक्टरीच्या नोंदीशी जुळवायचे. फेरारीचंच क्लासिके म्हणून खातं आहे, २००६ पासून ते जुन्या गाड्या तपासून सर्टिफिकेट देतात. पहिल्या गाडीच्या मालकाला एकच विचारा, क्लासिके सर्टिफिकेट काहून नाही काढलं? ते आहे असं म्हणाला तर मूळ फाईल दाखव म्हणा, फोटोवर भागवू नका.

किमतीचं बोलायचं तर, आज चांगल्या एफ-४० लिलावात २० लाख डॉलरच्या वर जाताना दिसतात, वर लिलाव कंपनीचं कमिशन दहा टक्क्यांच्या आसपास, इन्शुरन्स, सर्व्हिस, ठेवायचं भाडं वेगळं. आणि किंमत वाढतच जाते असं अजिबात नाही. १९८९-९० च्या सुमाराला सट्ट्यानं याच गाडीला मूळ किमतीच्या कितीतरी पट भाव आला होता आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत तो धाडकन आपटला, तेव्हा कर्ज काढून घेणारे बुडाले. तुमच्या भावाला गाडी आवडते म्हणून घ्यायची असेल तर खुशाल घेऊ द्या, पण घरच्यांचा पैसा यात गुंतवणूक म्हणून घालू नका, हे मी अगदी कळकळीनं सांगतो. शेतीचा किंवा पोरांच्या शिक्षणाचा पैसा असेल तर तो आजच काढून घ्या, भाऊबंदकीत नंतर वाईटपणा येते.

गावाकडं आणायचं म्हणाल तर सध्या नाही. आपल्याकडं जुनी गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांच्या आतली आणि राइट हँड (उजवीकडं स्टेअरिंग असलेली) लागते, एफ-४० फॅक्टरीतून लेफ्ट हँडच निघाली. ५० वर्षं झालेल्या विंटेज गाड्यांसाठी वेगळी सवलत आहे, पण १९८७ ची गाडीसुद्धा त्यात २०३७ ला बसेल. आणि मे महिन्यात आपल्याकडं ४५ च्या वर पारा जाते, रस्त्यावर गिट्टी, प्रत्येक गावाला स्पीडब्रेकर, गाडी जमिनीला टेकलेली. ती तिकडंच राहू द्या, तुम्हीच एकदा जाऊन बसून या.

प्रश्न : जगातली सगळ्यात महाग विकलेली कार कोणती आणि एवढे पैसे कोण देते?
– एक विद्यार्थी, अकोला

उत्तर : मर्सिडीजची १९५५ ची ३०० एसएलआर उलेनहाऊट कूपे. मे २०२२ मधे स्टुटगार्टच्या मर्सिडीज म्युझियममधे लिलाव झाला, १३.५ कोटी युरो. अशा दोनच बनल्या आणि दोन्ही कायम कंपनीकडंच होत्या, बाहेर कोणाला मिळालीच नव्हती, म्हणून एवढा भाव. विकून आलेला पैसा कंपनीनं शिष्यवृत्तीच्या फंडासाठी ठेवला.

प्रश्न : भाऊ, आमच्या वाड्यात सासऱ्यांची १९६५ ची स्टँडर्ड हेराल्ड झाकून ठेवलेली आहे. मेकॅनिक म्हणतात दुसरं इंजिन टाकू, मेटॅलिक रंग मारू, अलॉय व्हील लावू, मग चांगले पैसे येतील. करावं का?
– एक वाचक भगिनी, अचलपूर

उत्तर : ताई, कृपा करून करू नका. २०२१ पासून विंटेज गाड्यांच्या नोंदणीचा वेगळा नियम आहे, ५० वर्षांवरची गाडी मूळ रूपात असली, चेसिस, बॉडी, इंजिनमधे मोठा बदल केलेला नसला, तरच ती विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, नंबरात व्हीए अक्षरं येतात, दहा वर्षांसाठी असते, रोज बाजारहाटाला मात्र वापरता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्तीसाठीच. म्हणजे दुसरं इंजिन टाकलं की तुमचा हाच दरवाजा बंद. आरसी बुक सासऱ्यांच्याच नावावर असेल तर आधी वारसांच्या नावावर करून घ्या, कागद नसलेल्या हेराल्डला भंगाराचाच भाव येते.

आणि किल्ली फिरवून चालू करायला जाऊ नका. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका, प्लग काढून त्या भोकांत थोडं ऑइल सोडा, दोन दिवस थांबून इंजिन हातानं फिरतं का पाहा. उंदरांनी वायरी कुरतडलेल्या असतातच, त्या तपासल्याशिवाय बॅटरी जोडू नका. हेराल्डचं बोनेट पुढच्या मडगार्डसकट अख्खं पुढं उघडते, त्यामुळं इंजिनपाशी काम करायला सोपं जाईल, पण खरा खर्च चेसिसचा असतो. गाडी उचलून खालून स्क्रू-ड्रायव्हरनं टोचून पाहायला सांगा, कुठं आरपार गेला तर तिथलं वेल्डिंग पहिले, रंगाचं नंतर, आणि रंग मारायचाच तर आरसी बुकात जो लिहिला आहे तोच.