टायगर मॉथसारखी जुनी छोटी विमानं उडवणं हा फक्त श्रीमंतांचा छंद आहे का? आणि नवीन विमानं सोडून लोक त्यांच्यामागे का लागतात?

नाही, फक्त श्रीमंतांचा नाही. मी इंग्लंडमध्ये राहतो आणि एका टायगर मॉथमध्ये माझा हिस्सा आहे. अख्खं विमान आमच्यापैकी कोणालाच परवडलं नसतं. ग्रुपमध्ये एक शाळेतल्या बाई आहेत, एक सुतार आहे, एक निवृत्त नर्स आहेत, मी आयटीत. हिस्सा विकत घ्यायचा, हँगर आणि विम्यासाठी दरमहा वर्गणी भरायची, आणि जेवढं उडाल तेवढ्या तासांचे पैसे वेगळे. इथली कितीतरी जुनी विमानं अशा भागीदारीवरच जगली आहेत. सुट्टीच्या दिवशी हँगरमध्ये हात काळे करायची तयारी मात्र हवी. ती नसेल तर नुसत्या पैशाने भागत नाही.

तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त जवळचा वाटतो. टायगर मॉथ हे एकावर एक पंखांच्या दोन जोड्या असलेलं विमान पहिल्यांदा उडालं १९३१ मध्ये. आठ हजारांहून जास्त बनली आणि दुसऱ्या महायुद्धातले असंख्य वैमानिक त्यावरच शिकले. युद्ध संपल्यावर ती स्वस्तात विकली गेली, म्हणून फ्लाइंग क्लबांच्या हाती आली. न्यूझीलंडमध्ये तर त्यांनी शेतांवर खत टाकलं. इंजिन जिप्सी मेजर, १३० अश्वशक्तीचं. बॅटरी नाही, स्टार्टर नाही, ब्रेक नाहीत. शेपटीखाली चाकाऐवजी जमिनीवर घासणारी पट्टी, त्यामुळे गवताचं मैदानच बरं.

इंजिन सुरू करायला दोन माणसं लागतात. चाकांना चॉक, म्हणजे अडकण, लावायचे. मग एक जण इंजिनाचं झाकण उघडून कार्ब्युरेटरचा (इंजिनाला पेट्रोल-हवेचं मिश्रण देणाऱ्या भागाचा) टिकलर नावाचा छोटा खटका ओढून धरतो, पेट्रोल खाली ठिबकायला लागेपर्यंत. स्विच बंद असतानाच प्रॉप, म्हणजे नाकावरचा पंखा, हाताने काही वेळा फिरवून घ्यायचा, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल ओढलं जातं. मॅग्नेटोचे, म्हणजे इंजिनाला ठिणगी देणाऱ्या यंत्राचे, स्विच कॉकपिटच्या बाहेरच्या अंगाला आहेत, कारण प्रॉपला हात लावणाऱ्याला ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसले पाहिजेत. खाली म्हणजे बंद. प्रॉपजवळचा माणूस ‘कॉन्टॅक्ट’ म्हणतो, पायलट तोच शब्द परत म्हणून स्विच वर करतो, आणि मगच प्रॉपजवळचा माणूस तो ओढतो. ज्याला कोणी नीट शिकवलेलं नाही त्याला प्रॉपच्या जवळ उभंही करू नये, याबाबतीत मी फार कडक आहे.

हवेत गेल्यावर कळतं की आपले पाय आजवर झोपलेले होते. या विमानाला एलरॉन (विमान एका बाजूला कलवणाऱ्या पंखांच्या झडपा) फक्त खालच्या पंखांना आहेत. स्टिक, म्हणजे हातातली दांडी, डावीकडे नेली की नाक आधी उजवीकडे सरकतं. डाव्या पायाने रडर, म्हणजे शेपटीवरचं सुकाणू, दिला नाही तर विमान डावीकडे घसरायला लागतं आणि उघड्या कॉकपिटमध्ये डाव्या गालावर वारा लागतो. ज्या गालावर वारा, तो पाय दाबायचा. मला हे कुठल्याही काट्यापेक्षा लवकर समजलं. नव्या ट्रेनर विमानांत हा दोष इतका कमी केलाय की पाय न वापरताही निभावून जातं. इथे निभावत नाही, आणि लोक परत परत येतात ते यासाठीच, असं माझं ठाम मत आहे.

जमिनीवरची कामंही तशीच हाताने शिकायची. पंखांचा सांगाडा लाकडी, त्यावर कापड. ते प्रत्येक फासळीला सुई-दोऱ्याने शिवतात, टाक्याटाक्याला गाठ मारतात, मग डोप, म्हणजे कापड ताणणारं लुकण, चढवलं की तबल्याच्या पुडीसारखं ताणून बसतं. ती गाठ मला एका म्हाताऱ्या इन्स्पेक्टरने शेजारी बसून शिकवली, जमेपर्यंत उसवायला लावून.

विमानं उडवणाऱ्या लोकांत एकमेकांसाठी थांबायची रीत जुनी आहे. १९३० ची गोष्ट. आगाखानांनी भारत-इंग्लंड अंतर एकट्याने पार करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी बक्षीस लावलं होतं. जेआरडी टाटा कराचीहून निघाले, अस्पी इंजिनियर इंग्लंडहून. दोघांकडेही जिप्सी मॉथ, टायगर मॉथच्याच घराण्यातलं विमान. इजिप्तमधल्या अबुकीरला गाठ पडली तेव्हा अस्पी स्पार्क प्लगसाठी अडकले होते. जेआरडींनी आपल्याकडचे जादा प्लग देऊन टाकले. शर्यत अस्पी जिंकले, आणि पुढे हवाई दलप्रमुख झाले. जेआरडींनी १९३२ मध्ये पस मॉथमधून कराचीची टपाल जुहूला आणली, ते सगळ्यांना माहीत आहे. पण १९८२ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, तोच प्रवास त्यांनी लेपर्ड मॉथमधून एकट्याने पुन्हा केला, हे मला त्याहून मोठं वाटतं.

भारतात वैमानिकांच्या शिक्षणासाठी टायगर मॉथच्या जागी आलं ते एचएएलचं (हिंदुस्तान एअरक्राफ्ट या विमान कंपनीचं) एचटी-२. १९५१ मध्ये उडालेल्या या विमानाचे रचनाकार डॉ. वि. मा. घाटगे कोल्हापूरकडचे, जर्मनीतल्या गटिंगनला हवेच्या प्रवाहाचे शास्त्रज्ञ प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेले. एचएएलनेच १९५८ मध्ये उडवलेलं पुष्पक, कापडी पंखांचं दोन आसनी विमान, फ्लाइंग क्लबांत बरीच वर्षं वापरात होतं. तुमच्या ओळखीत त्या काळचा कोणी इंजिनियर किंवा इन्स्ट्रक्टर असेल तर आजच जाऊन भेटा, त्यांच्याकडून ऐकून लिहून ठेवा.

महाराष्ट्रात राहून सुरुवात करायची असेल तर पुण्याला हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमध्ये (ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान) प्रवेश चालू आहेत का ते विचारा. ग्लायडरचे पंख लांब, त्यामुळे पायांची हीच सवय तिथेही लागते, आणि ती पुढे कामी येते. इंग्लंडला येणं झालं तर बेडफर्डशरमधल्या ओल्ड वॉर्डनला शटलवर्थ संग्रहाचा एअर शो बघा. तिथलं १९०९ चं ब्लेरिओ विमान हवा अगदी शांत असेल तरच बाहेर काढतात, म्हणून दुपारीच निघू नका, संध्याकाळपर्यंत थांबा.